सरावाची रात्र परत द्या : हिमालयात ट्रेक नेणाऱ्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
हिमालयात ट्रेक नेणाऱ्या सर्व संस्था, कंपन्या आणि क्लबांच्या चालकांना,

सप्रेम नमस्कार.

येत्या हंगामाची तुमची पत्रकं पाहिली. त्यांत एक बदल आहे आणि तो एकट्यादुकट्या संस्थेने केलेला नाही. ज्या ट्रेकमध्ये पूर्वी एकाच मुक्कामावर दोन रात्री काढायच्या असत, तिथे आता एकच दिसते. कुठे तो दिवस साफ गळाला आहे, कुठे ‘ऐच्छिक, शुल्क वेगळे’ या खात्यात गेला आहे, तर कुठे त्याच दिवशी पुढची खिंड ओलांडायला ठेवली आहे. आणि वर ठळक अक्षरांत : ‘आता कमी सुट्टीत!’

विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून ठेवलेला, सरावाचा तो जो दिवस तुम्ही काढून टाकलात, त्याबद्दल हे पत्र आहे. बाकीच्या तक्रारीही मांडणार आहे, पण माझ्या मते त्यांतल्या बहुतेक या एकाच घाईतून निघालेल्या आहेत.

मी गिर्यारोहक नाही. शिखरांची यादी माझ्याकडे नाही. हिमालयातल्या पायवाटांवर बरीच वर्षं चालते आहे. कधी एखाद्या वाटाड्याबरोबर एकटी, कधी तुमच्यापैकीच कुणाच्या गटातून. तुमच्यातले काही लीडर माझे चांगले मित्र आहेत. त्यामुळे हे पत्र बाहेरच्या माणसाचं आहे असं समजू नका.

काही हंगामांपूर्वी माझा भाचा अशाच एका आटोपशीर कार्यक्रमाच्या ट्रेकला गेला. तरुण, रोज धावणारा मुलगा. तिसऱ्या मुक्कामाला डोकं दुखू लागलं, जेवण जाईना. ‘पाणी कमी प्यायलास’ असं त्याला सांगण्यात आलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ‘ठीक’ निघाला आणि सकाळी गटाबरोबर त्याला वर नेलं. त्या रात्री त्याला आडवं पडून श्वास घेता येईना. लीडरचं म्हणणं पडलं की उजाडेपर्यंत थांबू. गटातल्या एका पोर्टरने ते ऐकलं नाही. त्याने भाच्याला उठवलं आणि आधार देत अंधारातच खाली उतरवलं. फुप्फुसांत पाणी झालं होतं. भाचा आज धडधाकट आहे तो त्या पोर्टरमुळे. संस्थेला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं की जोखमीच्या अर्जावर त्याची सही आहे.

सही होती, हे खरंच. पण पहिल्या तीन दिवसांत त्याला किती उंच नेऊन झोपवणार आहेत, हे ना त्या अर्जात लिहिलं होतं, ना पत्रकात.

म्हणून पहिली आणि मुख्य तक्रार त्या दिवसाचीच. तो आरामाचा, म्हणजे वाया जाणारा दिवस समजून कापला गेला असावा. प्रत्यक्षात शरीर त्या दिवशी भरपूर काम करत असतं. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. हवेतला ऑक्सिजनचा वाटा तोच, सुमारे २१ टक्के. पण दाबच निम्मा, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक पदरात पडणारा ऑक्सिजनही निम्म्यावर येतो. शरीर आधी श्वास वाढवतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होऊ लागतं आणि त्याचाच उलटा ब्रेक श्वासावर लागतो. झोपेत तर काही क्षण श्वास थांबून पुन्हा धडपडत सुरू होतो. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून रक्ताचा तोल सावरतात, तेव्हा कुठे हा ब्रेक सुटतो आणि श्वास हवा तेवढा वाढतो. या कामाला दिवस लागतात. तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर आठवडे. मूत्रपिंडांना तुमचं वेळापत्रक आगाऊ कळवायची काही सोय नाही.

नियम गुपित नाही. वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा वर चढून संध्याकाळी खाली झोपायला आलात तर चालतं, उलट चांगलंच. महत्त्व आहे ते झोपण्याच्या उंचीला. आणि तुमच्या पत्रकांत नेमकी तीच सापडत नाही. सापडते ती ट्रेकमधल्या सर्वांत उंच ठिकाणाची उंची, तीही फुटांत, म्हणजे आकडा मोठा दिसतो. (उंचीचं हे वेड आपल्याकडे जुनंच आहे. खारदुंग ला खिंडीच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. जीपीएसने मोजल्यावर खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट भरते.) यंदा एका पत्रकावरून मी मुक्कामांच्या उंच्या नकाशावर शोधून काढल्या. पहिला ३,१०० मीटरवर, दुसरा ३,८०० वर, तिसरा ४,४०० वर. मधे जादा रात्र नाही. हा कार्यक्रम ‘नवशिक्यांसाठी’ होता.

‘आमचे सहभागी फिट असतात’ हे उत्तर कृपया देऊ नका. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात आपले जवान सपाटीवरून थेट उंचावर पाठवावे लागले. त्यांतल्या आजारी पडलेल्या १,९२५ जणांच्या नोंदी इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी १९६९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडल्या. विरळ हवेच्या आजारावरचं ते पायाभूत काम मानलं जातं. ती माणसं अशक्त नव्हती, सैनिक होती. पुढे १९७६ मध्ये नेपाळमधल्या फेरिचे या ४,२४३ मीटरवरच्या गावात २७८ ट्रेकर्सची केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, लोकांना विरळ हवेचा त्रास आढळला, आणि विमानाने लुक्लाला उतरून आलेल्यांमध्ये त्याचं प्रमाण खालपासून चालत आलेल्यांपेक्षा जास्त होतं. उलट फिट माणूस वेगाने वर पोहोचतो आणि म्हणूनच लवकर अडकतो, हे तुमचा कुठलाही जुना लीडर सांगेल.

तुम्ही म्हणाल, लोकांना सुट्टीच मिळत नाही, आम्ही काय करणार? अडचण खरी आहे. मग सुट्टीत बसेल तेवढ्या उंचीचा ट्रेक विका. हिमालयात ३,५०० मीटरच्या आतही इतक्या सुंदर वाटा आहेत की जन्म पुरणार नाही. सुट्टी कमी आहे म्हणून उंची तीच ठेवून रात्री कमी करायच्या, हा हिशेब शरीराशी जुळत नाही. तुमच्या एखाद्या प्रतिस्पर्ध्याने दिवस कापला म्हणून तुम्हालाही कापावा लागला, हे मला कळतं. म्हणूनच हे पत्र एकाला नाही, सगळ्यांना मिळून लिहिलं आहे.

दुसरी तक्रार त्रास लपवण्याची. लोक लपवतात, कारण तुम्ही तशी हवा तयार करता. जाहिरातीत ‘समिट’ यशाचे टक्के. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘डर के आगे’ छापाचे संदेश. परत फिरलेल्याला पैसे परत नाहीत, खालच्या गावातली सोय त्याची त्याने बघायची. अशा वेळी डोकं दुखतंय हे कोण कबूल करेल? हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही नेपाळमधली संस्था १९७३ पासून उंचीच्या त्रासापासून लोकांना वाचवण्याचं काम करते आणि तिचं सांगणं साधं आहे : उंचावर बरं वाटत नसेल तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजा, लक्षणं असताना वर झोपायला जाऊ नका, लक्षणं वाढत असतील तर लगेच खाली उतरा, आजारी माणसाला एकटं सोडू नका. याला ना यंत्र लागतं, ना पदवी.

यंत्राचंही बोलू. पल्स ऑक्सिमीटरवरचा आकडा म्हणजे निदान नव्हे. गारठलेल्या बोटावर तो चुकतो, नेलपॉलिशवर चुकू शकतो, आणि आकडा बरा असलेल्या माणसालाही त्रास असू शकतो. माणसाला विचारा, त्याच्याकडे बघा. सरळ रेषेवर टाचेपुढे पाऊल टाकून चालायला लावा. तोल जात असेल, बोलणं विस्कळीत असेल, तर मेंदूला सूज येऊ लागली असण्याची शक्यता आहे. बसल्याजागी दम लागत असेल, खोकला थांबत नसेल, तर फुप्फुसांत पाणी. दोन्हीत तास मोजायचे असतात आणि उतरणं हाच मुख्य उपाय. ऑक्सिजन, औषधं, हवेच्या दाबाची फुगवायची पिशवी ही सगळी उतरेपर्यंतचा वेळ मिळवून देणारी साधनं आहेत. काही गटांत पहिल्याच दिवशी सगळ्यांना डायमॉक्स वाटलेलं मी पाहिलं आहे, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे न विचारता. ते औषध सरावाला मदत करतं, सरावाच्या जागी चालत नाही, आणि ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं असतं. डेक्सामेथासोन हे दुसरं औषध तर लक्षणं दाबतं. ते देऊन माणसाला वर चढवणं म्हणजे आग लागलेली असताना नुसती घंटा बंद करणं आहे.

याची दुसरी बाजूही आहे. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत उघड झालं की विम्याच्या पैशांसाठी ट्रेकर्सना गरज नसताना हेलिकॉप्टरने खाली आणलं जात होतं. म्हणजे एकीकडे आजारी माणूस वर नेला जातो आणि दुसरीकडे साधी डोकेदुखी बिल बनते. दोन्हीकडे निर्णय पैशाने घेतलेला असतो. शिवाय हेलिकॉप्टर रात्री आणि खराब हवेत येत नाही, त्यामुळे योजना पायी उतरण्याचीच हवी.

हवामानाविषयी थोडक्यात. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुडहुड चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलं आणि दोनच दिवसांनी अन्नपूर्णा भागात, ५,४१६ मीटरवरच्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास, प्रचंड बर्फ पडलं. ट्रेकर, वाटाडे, पोर्टर मिळून चाळीसहून अधिक माणसं गेली. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या सहस्त्रतालच्या वाटेवर वादळात सापडून नऊ ट्रेकर गेले. त्या घटनांवर इथे बसून निवाडा द्यायचा नाही. पण राखीव दिवस नसलेल्या कार्यक्रमात लीडरसमोर थांबण्याचा पर्यायच राहत नाही, एवढं तरी मान्य करा. खिंड आज नाही तर कधीच नाही, अशा पेचात त्याला पत्रक छापणाऱ्याने टाकलेलं असतं.

आता पोर्टर. घाईच्या कार्यक्रमात ओझंही घाईने वाटलं जातं. सहभागींच्या सॅक ऑफलोड करायचे, म्हणजे दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचे, पैसे तुम्ही ऑनलाइन घेता. ती सॅक उचलणाऱ्याच्या पाठीवर एकूण किती किलो आहेत हे मात्र कुणी वजन करून बघत नाही. इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुपच्या सूचनांनुसार नेपाळमध्ये ओझ्याची कमाल मर्यादा ३० किलो आहे, आफ्रिकेतल्या किलिमांजारोवर २०. त्याच सूचनांत पुढे आहे : थंडीला पुरेसे कपडे-बूट, झोपायला निवारा, आजारपणात सहभागींच्या बरोबरीने उपचार, आणि आजारी पोर्टरला हिशेब चुकता करून एकट्याने खाली पाठवायचं नाही. ‘त्यांना सवय असते’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. कित्येक पोर्टर खालच्या खोऱ्यांतल्या गावांतून, शेतीच्या कामातून उठून आलेले असतात. त्यांची फुप्फुसं तुमच्या-माझ्यासारखीच असतात आणि वर पाठीवर ओझं. माझ्या भाच्याला उतरवणाऱ्या माणसाचे बूट पुढून फाटलेले होते, हे भाच्याने घरी आल्यावर सर्वांत आधी सांगितलं.

शेवटची तक्रार मला सर्वांत अवघड वाटते, कारण तिच्यात आम्ही सहभागीही तितकेच सापडतो. आपण तिथे कसे वागतो? धावतपळत आलेल्या गटाला गाव हा फक्त तंबू ठोकायचा सपाट तुकडा वाटतो. झऱ्याच्या वरच्या अंगाला शौचाचे खड्डे, ओले वाइप्स दगडाखाली, रात्री स्पीकरवर गाणी, शेतात राबणाऱ्या बाईचा न विचारता फोटो. थंड आणि कोरड्या उंचीवर काहीही लवकर कुजत नाही. आज दगडाखाली सरकवलेलं पुढच्या कित्येक हंगामांच्या लोकांना तिथेच सापडतं. २०१४ मध्ये नेपाळने एव्हरेस्टवर जाणाऱ्या प्रत्येक आरोहकाने ८ किलो कचरा परत आणण्याचा नियम केला. आपल्याला स्वतःचाच आणायचा आहे.

बेदनी बुग्याळचं उदाहरण तुम्हाला पाठ असेल. त्या कुरणातून नंदादेवीची राजजात यात्रा जाते. तिथल्या गावांच्या लेखी नंदा ही सासरी निघालेली लेक आहे आणि तिला पोचवायला माणसं रडत चालतात. त्याच गवतावर आपण हंगामभर तंबूंच्या रांगा उभ्या केल्या. अखेर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाला बुग्याळांतल्या मुक्कामावर बंदी घालावी लागली आणि येणाऱ्यांची संख्या २०० वर आणावी लागली. तेव्हा तुमच्यातल्या अनेकांनी हळहळ व्यक्त केली ती धंद्याबद्दल. लडाखमध्ये ६,१५३ मीटरचं स्टोक कांगरी २०२० पासून चढाईला बंद झालं, ते स्टोकच्या गावकऱ्यांच्या पुढाकाराने. त्यांचं पाणी त्या डोंगराच्या हिमनदीतून येतं. आपल्याला न्यायालयाने आणि गावाने थांबवायची वेळ का यावी? १९५५ मध्ये कांचनजंगावर पहिल्यांदा पोहोचलेले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड माथ्याच्या काही फूट खाली थांबले, कारण तो माथा पवित्र आहे आणि त्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द सिक्कीमच्या राजाला दिलेला होता. त्यांनी ८,५८६ मीटरचं शिखर जवळजवळ हातात असताना सोडलं. आपल्या गटांना मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी भिंतीच्या कुठल्या अंगाने जायचं हेही कुणी सांगत नाही. (ती उजव्या हाताला ठेवून.)

मागण्या अशा आहेत.

पैसे घेण्याआधी, पत्रकातच, प्रत्येक रात्रीची झोपण्याची उंची मीटरमध्ये छापा. ३,००० मीटरच्या वर ५०० मीटरचा नियम आणि जादा रात्र पाळा; भूगोलामुळे एखाद्या मुक्कामाला ते जमत नसेल तर तसं लिहा आणि त्याच्या आधी किंवा नंतर एक रात्र वाढवा.

हवामानासाठी एक राखीव दिवस मूळ शुल्कातच ठेवा. ‘ऐच्छिक’ सुरक्षितता विकू नका.

प्रकृतीमुळे परत फिरलेल्या माणसाला दंड नको. त्याला खाली पोचवणारा माणूस तुमचा असू द्या, आणि पुढच्या हंगामात त्याच्यासाठी जागा ठेवा. दोन आजारी पडले तरी उरलेला गट लीडरविना राहणार नाही, इतकी माणसं बरोबर द्या. समिट यशाचे टक्के जाहिरातीतून काढा आणि लीडरच्या मोबदल्याचा त्या टक्क्यांशी असलेला संबंध तोडा.

ऑक्सिजन, प्रथमोपचार आणि ते वापरायचं प्रशिक्षण घेतलेला माणूस पहिल्या मुक्कामावर सगळ्यांसमोर दाखवा. औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वाटू नका.

ट्रेक सुरू होतो तिथे वजनकाटा ठेवा आणि प्रत्येक ओझं सगळ्यांदेखत तोला. पोर्टर आणि खेचरवाल्यांचा विमा, कपडे, बूट ही तुमची जबाबदारी आहे. ती स्थानिक ठेकेदारावर ढकलून मोकळं होता येणार नाही.

गटाचा आकार, शौचाची व्यवस्था आणि कचरा परत आणण्याची पद्धत आधी जाहीर करा. ज्या गावात मुक्काम आहे त्या गावाला आपण चालतो का, हे विचारा, आणि गाव नको म्हणालं तर वाट बदला.

आणि दरवर्षी, नावं न देता, झालेल्या दुर्घटना, आजारपणं आणि थोडक्यात निभावलेले प्रसंग प्रसिद्ध करा. आज ही माहिती लीडरांच्या रात्रीच्या गप्पांत फिरते. ती ट्रेक निवडणाऱ्यापर्यंत आली पाहिजे.

पुढच्या हंगामाची नोंदणी उघडण्याआधी यावर तुमचं जाहीर उत्तर यावं. ज्या संस्था यातल्या बऱ्याच गोष्टी आधीपासून करतात, आणि अशा आहेत हे मला माहीत आहे, त्यांनी तर जरूर बोलावं, म्हणजे लोकांना निवड करता येईल. मला विचारून ट्रेक ठरवणारी बरीच तरुण मंडळी आहेत. यापुढे त्यांना मी संस्थेचं नाव सांगणार नाही. मुक्कामांच्या उंच्या लेखी मागवा, आणि त्या मिळाल्याशिवाय पैसे भरू नका, एवढंच सांगणार आहे.

आपली,
हिमालयात चालणारी एक ट्रेकर